मेंदूतली एन्झाइम्स औषधांचं काय करतात? नेहमी येणारे प्रश्न

मी फार्मसीच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवते, आणि घरात माझ्या आत्याला पार्किन्सन्स आहे, त्यामुळे हे प्रश्न मला वर्गातही येतात आणि जेवणाच्या टेबलावरही येतात. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

औषध तर लिव्हरमध्ये मोडतं ना? मग मेंदूचा काय संबंध?

बहुतेक औषध लिव्हरमध्येच मोडतं, हे बरोबर आहे. पुस्तकातही तेच असतं आणि परीक्षेतही तेच लिहायचं. लिव्हरमध्ये सायटोक्रोम पी४५० नावाच्या एन्झाइम्सची मोठी फौज असते, माणसाच्या शरीरात त्यांचे ५७ जीन्स आहेत, आणि आपण गिळलेली निम्म्याहून जास्त औषधं या ना त्या पी४५० च्या हातून जातात. आधी रेणूला ऑक्सिजन चिकटवायचा, मग त्याला ग्लुक्युरोनिक ॲसिड नाहीतर ग्लुटाथायोन जोडून पाण्यात विरघळेल असा करायचा, आणि लघवीतून नाहीतर पित्तातून बाहेर काढायचा, असा एकूण मामला.

पण हीच एन्झाइम्स मेंदूतही आहेत. पी४५० आहे, ग्लुक्युरोनाइड जोडणारी आहेत, ग्लुटाथायोन जोडणारी आहेत, शिवाय डोपामाइनसारखे निरोप नेणारे रेणू मोडणारं मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणजे माओ, तसंच कॉम्ट, एस्टरेज, कॅटलेज अशी बाकीची मंडळीही आहेत. झोपेची, वेदनेची, फिटची, डिप्रेशनची औषधं जिथे काम करतात नेमकी तिथेच ही एन्झाइम्स बसलेली असतात, म्हणून त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

पण ती असून असून असणार किती?

थोडीच. मेंदूतलं एकूण पी४५० लिव्हरच्या साधारण एक टक्का, काही ठिकाणी दोन टक्क्यांपर्यंत. हा आकडा ऐकला की मुलं लगेच म्हणतात की मॅडम मग सोडून द्या ना. थांबा जरा. हा एक टक्का अख्खा मेंदू वाटून काढलेली सरासरी आहे. प्रत्यक्षात एन्झाइम सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, काही पेशींत जवळजवळ काहीच नाही आणि काही ठरावीक न्यूरॉन्समध्ये, म्हणजे निरोप नेणाऱ्या मेंदूपेशींत, इतकं की लिव्हरच्या पेशीशी तुलना व्हावी. अख्ख्या तालुक्यात एकच डॉक्टर आहे, पण तो तुमच्या शेजारच्या घरात राहतो, तर तुमच्यापुरती डॉक्टरांची टंचाई नाहीच ना, तसं आहे हे. म्हणून शरीरातून औषध किती वेगाने जाणार हे मेंदूतलं एन्झाइम ठरवत नाही, ते लिव्हरच ठरवतं, पण त्या न्यूरॉनच्या आत, औषध जिथे चिकटून काम करतं त्या रिसेप्टरच्या शेजारी औषध किती उरणार आणि कुठल्या रूपात उरणार, हे मात्र मेंदूतलं एन्झाइम ठरवू शकतं.

हे शोधलं कोणी? आणि मोजतात कसं?

पी४५० हे नाव आलं १९६२ मध्ये, ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी दिलं. पी म्हणजे पिगमेंट, आणि ४५० कारण कार्बन मोनॉक्साइड सोडल्यावर ते ४५० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. माणसाच्या मेंदूत पी४५० आहे आणि ते काम करतं, हे दाखवण्यात आपल्या बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेचा मोठा वाटा आहे, तिथे डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूंवर काम करून १९८९ मध्ये ते छापलं. त्याच पुढे मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरच्या संस्थापक संचालक झाल्या. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव ठळक यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मोजण्याचं म्हणाल तर एमफार्मला असताना मी हे स्वतः केलंय, उंदराच्या म्हणजे रॅटच्या मेंदूवर, आणि ते अजून डोळ्यासमोर आहे. मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा. आधी थंड सलाइन सोडून त्यातलं रक्त धुऊन काढायचं, अगदी पांढरा दिसेपर्यंत, मग बर्फात ठेवून होमोजिनाइझ करायचं, आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये दोन-तीनदा फिरवायचं, शेवटचं फिरवणं फार जोरात. लिव्हरच्या ट्यूबच्या तळाशी तांबूस, जाडसर गोळा बसतो, लगेच दिसतो. मेंदूच्या ट्यूबला दिव्यासमोर धरून तिरकी केल्यावर काचेला चिकटलेला फिकट ठिपका दिसायचा, बस्स तेवढाच. मग त्यात डायथायोनाइट टाकायचं, त्याचा तो गंधकाचा उग्र वास, कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे फ्यूम हूडमध्येच सोडायचे, आणि स्क्रीनवर ४५० ला टेकाड येतंय का बघायचं. पहिल्या तीन वेळा माझं टेकाड ४२० ला आलं. म्हणजे ते पी४५० नव्हतंच, धुवायचं राहिलेलं रक्त होतं, हिमोग्लोबिन. चौथ्या वेळी सलाइन दुप्पट वेळ सोडलं तेव्हा कुठे ४५० ला एक बारीकसा उंचवटा दिसला. मेंदूत पी४५० नाहीच असं बरीच वर्षं लोकांना का वाटलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

मेंदूला ब्लड-ब्रेन बॅरियर आहे ना? मग आत एन्झाइम कशाला हवीत?

हा बॅरियर म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा. पण ती नुसती भिंत नाही, तिथे पहारेकरी पण आहेत. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात हे एक, आणि त्यांच्या पृष्ठभागावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो, तो आत शिरलेला रेणू परत रक्तात ढकलतो. जुलाबावर घेतो ते लोपेरामाइड खरं तर अफूच्या जातीचं औषध, पण नेहमीच्या डोसला गुंगी येत नाही, कारण हा पंप त्याला मेंदूत टिकूच देत नाही.

एन्झाइम्सही त्याच दारात आहेत. केशवाहिन्यांच्या पेशींत माओ आहे, पी४५० आहे. आणि कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांतला तो गुच्छ जिथे मेंदूचं पाणी तयार होतं, तिथे तर जोडणी करणारी काही एन्झाइम्स लिव्हरच्या तोडीची आहेत. तरीही जे रेणू चरबीत सहज विरघळतात ते आत जातातच, आपली मेंदूवरची औषधं मुद्दाम तशीच बनवलेली असतात, मग आतल्या एन्झाइम्सची पाळी येते.

मोडणं म्हणजे औषध निकामी होणं, विष उतरणं, बरोबर?

नाही! सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. एन्झाइमला औषध काय आणि विष काय कळत नाही, त्याला रेणूचा आकार कळतो, तो बसला की ते आपलं काम करतं, मग जे बनेल ते बनेल. कधी निकामी वस्तू बनते, कधी खरं औषध बनतं, कधी खरं विष.

कोडीन घ्या. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या औषधात असतं. कोडीन स्वतः वेदनेवर फारसं काही करत नाही, सीवायपी२डी६ नावाचं पी४५० त्याचं मॉर्फिन करतं आणि ते मॉर्फिन दुखणं थांबवतं. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतः चालत नाही त्यांना कोडीनचा उपयोग होत नाही, आणि ज्यांच्यात जास्तच जोरात चालतं त्यांच्यात मॉर्फिन इतकं बनतं की श्वास मंदावू शकतो. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेली काही मुलं दगावली, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं सांगितलं. आता हे मॉर्फिन लिव्हरमध्ये बनतं तसं मेंदूतही बनतं. टोरंटोच्या रेचेल टिंडेल यांच्या गटाने रॅटच्या फक्त मेंदूतलं हे एन्झाइम बंद केलं, लिव्हरला हात लावला नाही, तरी कोडीनचा वेदनाशामक परिणाम कमी झाला.

दुसरं उदाहरण तर तुमच्या घरातच आहे, पॅरासिटामॉल. क्रोसिन म्हणा, डोलो म्हणा. लिव्हरमध्ये त्याच्यातला थोडासा भाग पॅरा-अमिनोफेनॉल होतो, तो मेंदूत जातो, आणि तिथे फाह नावाचं एन्झाइम त्याला ॲराकिडॉनिक ॲसिड जोडून एएम४०४ नावाचा रेणू बनवतं. २००५ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं, आणि पॅरासिटामॉलने दुखणं थांबतं त्यात या रेणूचा वाटा आहे असं मानलं जातं. म्हणजे आपण गोळी गिळतो, पण त्या औषधाचा शेवटचा हात मेंदू स्वतः फिरवतो. मला हे दरवेळी शिकवताना तितकंच भारी वाटतं.

आणि विष बनतं ते कसं?

कॅलिफोर्निया, १९८२. हेरॉइनसारखं म्हणून विकलं गेलेलं एक बनावट ड्रग घेतलेली तरुण मुलंमुली हॉस्पिटलात आली ती अक्षरशः गोठलेली, बोलता येईना, हलता येईना, पापणी लवेना, एखाद्या सत्तरीच्या पार्किन्सन्सच्या पेशंटसारखी. सॅन होजेच्या डॉ. विल्यम लँगस्टन यांनी छडा लावला. ड्रग बनवताना चुकून एमपीटीपी नावाचा पदार्थ तयार झाला होता.

आता गंमत नाही, दुःखच म्हणायचं, पण बघा कसं होतं ते. एमपीटीपी स्वतः न्यूरॉन मारत नाही. ते चरबीत विरघळतं, बॅरियर सहज ओलांडतं, आणि आत गेल्यावर ॲस्ट्रोसाइट्समधलं, म्हणजे न्यूरॉनला आधार देणाऱ्या पेशींतलं माओ-बी, म्हणजे माओचाच एक प्रकार, त्याला धरतं आणि त्याचं एमपीपी प्लस करतं. हे एमपीपी प्लस दिसायला थोडं डोपामाइनसारखं, म्हणजे हालचालींसाठी लागणाऱ्या आणि पार्किन्सन्समध्ये कमी पडणाऱ्या रेणूसारखं, म्हणून डोपामाइन आत घेणारा पंप फसतो आणि त्याला नेमकं डोपामाइनच्या न्यूरॉनमध्ये ओढून घेतो. आत जाऊन ते मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराचं, काम बंद पाडतं आणि पेशी मरते. माकडांना आधी सेलेजिलीन देऊन माओ-बी बंद केलं तर एमपीटीपी काही करू शकत नाही, हा याचा पुरावा.

आणि रॅटना याचा फारसा त्रास का होत नाही? तर त्यांच्या मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतच माओ भरपूर असतं, एमपीटीपीचं तिथे दारातच एमपीपी प्लस होतं, आणि त्यावर चार्ज असल्याने ते आत शिरूच शकत नाही. तेच एन्झाइम, तीच रिॲक्शन, पण दारात झाली तर जीव वाचला आणि घरात झाली तर घर गेलं.

शेतातल्या कीटकनाशकांचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि हा प्रश्न मला विदर्भातले विद्यार्थी विचारतात तेव्हा तो परीक्षेपुरता नसतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. तेव्हा फवारल्या गेलेल्यांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट होती. ही औषधं ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात, मग लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत भरलेला कफ, फिट, आणि श्वास बंद. मोनोक्रोटोफॉसला आधी बदलून घ्यायची गरज नसते, ते आहे त्याच रूपात घातक.

पण वाळवीसाठी वापरतात ते क्लोरपायरीफॉस, पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं ते, त्याची गोष्ट वेगळी. त्यात फॉस्फरसला सल्फर जोडलेला असतो. पी४५० तो सल्फर काढून तिथे ऑक्सिजन बसवतं, त्याला ऑक्सॉन म्हणतात, आणि खरा घातक तो ऑक्सॉन. हे काम लिव्हरमध्येही होतं, पण लिव्हरमध्ये आणि रक्तात ऑक्सॉन तोडणारी एन्झाइम्सही असतात. मेंदूत तयार झालेला ऑक्सॉन जागेवरच बनतो, लगेच शेजारच्या ॲसिटिलकोलिनएस्टरेजला चिकटतो. रॅटच्या मेंदूत थेट इंजेक्शन देऊन तिथलं पी४५० बंद केल्यावर क्लोरपायरीफॉसची विषबाधा कमी झाली, हे २०१२ मध्ये टिंडेल यांच्याच गटाने दाखवलंय. दवाखान्यात ॲट्रोपिन आणि पॅम हे उतारे देतात, त्यातलं ॲट्रोपिन मेंदूत जातं, पॅम फारच कमी जातं.

शेतात कोणाला फवारणीनंतर घाम, लाळ, अंधारी असं काही वाटलं तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, थेट दवाखाना गाठा आणि डबा नाहीतर निदान त्याचं लेबल सोबत न्या, डॉक्टरला नाव कळलं की वेळ वाचतो.

सिगारेट, तंबाखू, मिश्रीने एन्झाइम बदलतात का?

बदलतात, पण दोन वेगळ्या वाटांनी, आणि हे लोक नेहमी एकत्र करतात.

पहिली वाट धुराची. सिगारेट-बिडीच्या धुरातल्या काजळीसारख्या रसायनांमुळे लिव्हरमधलं सीवायपी१ए२ वाढतं. क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियाचं औषध घेणारा पेशंट बिडी ओढत असेल तर त्याच्या रक्तातलं क्लोझापीन कमी राहतं, आणि त्याने अचानक बिडी सोडली की त्याच डोसला ते वर चढतं, गुंगी, फिटसुद्धा येऊ शकते. बिडी सोडायलाच हवी, फक्त डॉक्टरला आधी सांगून सोडा. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, त्यामुळे मळलेली तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या बायकांमध्ये हा परिणाम अपेक्षित नाही.

दुसरी वाट निकोटिनची, आणि ती मेंदूत. प्राण्यांमध्ये निकोटिन दिलं की लिव्हर तसंच राहतं पण मेंदूतली काही पी४५० वाढतात. सिगारेट ओढणाऱ्यांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत सीवायपी२बी६ आणि २डी६ काही भागांत जास्त सापडलीत. २डी६ तर लिव्हरमध्ये कशानेही वाढत नाही असंच आम्ही शिकवत आलो. मिश्री आणि तंबाखूत निकोटिन असतंच, पण त्या बायकांचे मेंदू कोणी तपासलेत असं माझ्या वाचनात नाही, महाराष्ट्रात कोणीतरी हे करायला हवं.

दारू?

लिव्हरमध्ये अल्कोहोल डीहायड्रोजनेज मुख्य. मेंदूत ते जवळजवळ नसतंच, तिथे कॅटलेज आणि सीवायपी२ई१ दारूचं ॲसिटाल्डिहाइड करतात, मेंदूतल्या मेंदूत. दारूचे मेंदूवरचे काही परिणाम दारूचे नसून या ॲसिटाल्डिहाइडचे असावेत असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. रोज पिणाऱ्यांत २ई१ वाढत जातं.

पार्किन्सन्सच्या गोळीचं काय? आणि कुहिलीच्या बियांची पावडर चालेल का?

आत्याचा प्रश्न. "अगं, डोपामाइन कमी आहे तर सरळ डोपामाइनच द्या की." देता येत नाही, कारण डोपामाइन बॅरियर ओलांडत नाही. त्याचा कच्चा माल लेव्होडोपा ओलांडतो, आणि मेंदूत डीकार्बॉक्सिलेज नावाचं एन्झाइम त्याचं डोपामाइन करतं. अडचण ही की तेच एन्झाइम आतड्यात आणि बाकी अंगातही आहे, म्हणजे नुसता लेव्होडोपा दिला तर बहुतेक वाटेतच संपतो आणि वर मळमळ. म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात, ते बाहेरचं एन्झाइम अडवतं आणि स्वतः मेंदूत जात नाही, म्हणून आतलं एन्झाइम मोकळं राहतं. एकाच एन्झाइमला बाहेर कुलूप आणि आत किल्ली, इतकी सुंदर युक्ती मी औषधशास्त्रात दुसरी पाहिलेली नाही.

कुहिली, खाजकुयली, कोकणात कुंपणावर येते ती, हात लागला की आग होते. तिच्या बियांत खरंच लेव्होडोपा असतो, १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो वेगळा काढून दाखवला. पण पावडरमध्ये कार्बिडोपा नसतं, आणि प्रत्येक डब्यात लेव्होडोपा किती ते सारखं नसतं. आत्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्यांसोबत दोन चमचे पावडर सुरू केली होती, आम्हाला न सांगता. आठवड्याने तिची मान आणि खांदे सारखे आपोआप वळायला लागले, चहाचा कप बशीत ठेवताना चहा सगळा टेबलावर. डोपामाइन जास्त झालं होतं. पावडर बंद केली, न्यूरॉलॉजिस्टनी डोस बघितला, चार-पाच दिवसांत थांबलं. तेव्हा घेणार असाल तर डॉक्टरला सांगून, गोळ्यांच्या जोडीला आपल्या मनाने नको. आणि हो, गोळी भरपेट डाळ-दूध-पनीरसोबत घेऊ नका, प्रोटीनमधली अमिनो ॲसिड्स त्याच दारातून आत जातात आणि लेव्होडोपा रांगेत मागे राहतो.

रक्तातली लेव्हल नॉर्मल, तरी औषध लागू पडत नाही, असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. फिटच्या पेशंटमध्ये ऑपरेशन करून काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांत, जिथून फिट सुरू होते त्या जागेच्या रक्तवाहिन्यांत सीवायपी३ए४ वाढलेलं आढळलंय, पंपही वाढलेले. म्हणजे रक्तात औषध आहे पण हव्या त्या जागी पोचेपर्यंत ते कमी होत असावं. भूल देण्याच्या प्रोपोफॉलवर रॅटमध्ये प्रयोग झालेत, मेंदूतलं सीवायपी२बी बंद केलं तर तोच डोस देऊन रॅट जास्त वेळ झोपले, आणि आठवडाभर निकोटिन देऊन ते वाढवलं तर कमी वेळ. पण म्हणून स्वतःच लेव्हल नॉर्मल असताना डोस वाढवू नका, गोळी चुकणं, झोप कमी होणं, दुसरं एखादं औषध सुरू होणं ही कारणं कितीतरी जास्त वेळा सापडतात.

जिवंत माणसाच्या मेंदूत हे एन्झाइम मोजता येतं का? तशी टेस्ट आहे का?

पी४५० साठी नेहमीच्या लॅबमध्ये नाही. जीन टेस्ट मिळते, ती तुमचं २डी६ जन्मतः कसं आहे ते सांगते, मेंदूत आज ते किती आहे ते नाही सांगत.

माओ-बी मात्र पेट (पीईटी) स्कॅनवर दिसतं, त्यात किरणोत्सारी खूण लावलेला रेणू शरीरात कुठे जातो ते दिसतं. सेलेजिलीनलाच कार्बन-११ हा किरणोत्सारी कार्बन जोडून शिरेतून देतात, ते माओ-बीला जाऊन कायमचं चिकटतं आणि स्कॅनमध्ये उजळतं. कार्बन-११ चं आयुष्य इतकं कमी, वीस मिनिटांत निम्मा, की तो तिथेच सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रावर बनवून लगेच द्यावा लागतो. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन लॅबच्या जोआना फाउलर यांनी १९९६ मध्ये असं करून दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत माओ-बी सुमारे ४० टक्के कमी असतं, आणि सोडलेल्यांत ते पुन्हा नेहमीसारखं होतं.

त्याच गटाने अजून एक मोजलं, माओ-बी कायमचं बंद करणारी गोळी थांबवल्यावर मेंदू नवीन एन्झाइम किती दिवसांत बनवतो. निम्मं परत यायला सुमारे ४० दिवस. आत्याला गेल्या वर्षी रासाजिलीन, म्हणजे अशीच माओ-बी कायमचं बंद करणारी गोळी, थांबवून दुसरी गोळी दिली, आणि महिनाही झाला नव्हता तर तिचा दात काढायचा ठरला. डेंटिस्टकडच्या फॉर्मवर "सध्या चालू औषधं" एवढाच रकाना होता, तिथे मी खाली हाताने लिहिलं, रासाजिलीन, तीन आठवड्यांपूर्वी बंद, ट्रामाडॉल आणि पेथिडिन देऊ नये, खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन पण नको, कारण माओ बंद असताना ही औषधं धोक्याची ठरू शकतात. डॉक्टरांनी ते वाचलं, आत्याच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला, आणि दुखण्यासाठी साधं पॅरासिटामॉल लिहून दिलं.